सतरा फेऱ्या

हेलकावा नावाचं यंत्र येवल्यात आलं, त्या वर्षी गावात भित्र्या माणसांची अगदी चणचण पडली. कुत्रं दिसलं की गल्ली बदलणारे पोस्टमास्तर तीन कुत्री पाळून बसले. घाटातल्या अपघातानंतर अकरा वर्षं एसटीत पाय न ठेवलेल्या एका बाईंनी थेट ड्रायव्हरमागची जागा धरली आणि ‘जरा दाबा की’ म्हणून त्याचाच जीव खाल्ला. तालमीतल्या एका पैलवानाला पालीची भीती होती. ती अशी गेली, की आता पालच त्याला बघून खोली सोडते असं लोक सांगायचे. यातलं निम्मं खोटं धरा. उरलेलं निम्मंसुद्धा काही थोडं नव्हतं.

दिगंबर बाकळे मात्र त्या वाटेला फिरकत नव्हते. साठीचा माणूस, कोष्टी गल्लीतलं जुनं विणकराचं घर. एके काळी यांनी विणलेलं पान पैठणीवरून उचलून विड्याला लावावं इतकं खरं दिसायचं. अठरा वर्षांपूर्वी घरामागच्या रंगाच्या खोलीला आग लागली आणि धाकटा भाऊ हेमंत आतच जळून गेला. हेमंतची बायको आधीच बाळंतपणात वारलेली. मागे राहिली पाच वर्षांची रेवा. दिगंबर आणि त्यांची बायको शैला यांनी तिला पोटच्या पोरीसारखी वाढवली.

त्या दिवसापासून त्या घरात काडीपेटी नाही. देवापुढे बॅटरीचा दिवा, स्वयंपाक विजेच्या शेगडीवर, आणि होळीच्या संध्याकाळी दिगंबर कपाटाकडे तोंड करून रामरक्षा म्हणत बसणार. शेजारच्या पोराच्या वाढदिवसाला मेणबत्त्या लावल्या तर हा गृहस्थ केक न खाता भिंत ओलांडून घरी. मागावर तर ते त्यानंतर बसलेच नाहीत. नजर गेली, म्हणायचे. नजर कुठली जातेय? समोरून गेलेल्या बाईचा काठ अस्सल की नकली, हे ओट्यावरून सांगायचे. पण ज्याचा भाऊ जळाला त्याच्याशी वाद कोण घालणार?

तो दिवस कसा गेला, हे ते वर्षातून एकदा, हेमंतच्या श्राद्धाला सांगत. दरवेळी तेच शब्द. ‘मागावर बसलो होतो. धूर दिसला. अर्धं पान तसंच सोडून धावलो. दार उघडलं तोवर छप्पर खाली आलेलं.’ उजव्या हाताची भाजलेली बोटं दाखवत. मग रडत. अर्धं सोडलेलं ते पान सगळ्या नात्यागोत्यात माहीत झालं होतं.

आता रेवाचं लग्न ठरलं. मुलगा पैठणचा, पाणीखात्यात इंजिनिअर. तीन आठवड्यांवर तारीख. आणि रेवाने बजावलं, की कन्यादान आबांनी, म्हणजे दिगंबरांनीच करायचं, होमाशेजारी मांडी घालून, धूर डोळ्यांत जाईपर्यंत. ते जमणार नसेल तर ती कचेरीत जाऊन सही करून मोकळी होईल. दिगंबरांनी एका सकाळी देव्हाऱ्यातलं निरांजन पेटवून बघायचं ठरवलं. वात लावायच्या आधीच शैलाबाईंना त्यांना धरून पलंगावर आणावं लागलं. दुसऱ्या दिवशी ते मुकाट्याने हेलकाव्याच्या दवाखान्याची पायरी चढले.

डॉक्टर तस्नीम अत्तार मालेगावच्या. चाळिशीची, बारीक चणीची, बोलण्यात घाई नाही. दिगंबरांनी पहिल्याच भेटीत विचारलं, की डोळे हलवून भीती जाते हे कुठलं शास्त्र, आमच्याकडे मांत्रिक निदान लिंबू तरी कापतो.

डॉक्टर हसल्या. म्हणाल्या, या यंत्राची आजी म्हणजे डॉक्टरचं बोट. साठेक वर्षांपूर्वी परदेशात ही पद्धत निघाली. रोग्याने ती वाईट आठवण मनात धरायची, डॉक्टरने त्याच्यासमोर बोट डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवायचं, आणि रोग्याने नजरेने त्याचा पाठलाग करायचा. बस. ‘मनाचा ओटा लहान असतो, काका. त्यावर एका वेळी दोन पराती मावत नाहीत. एकीकडे आठवण ठेवली आणि दुसरीकडे डोळ्यांना काम लावलं, की आठवणीला जागा पुरत नाही. ती आक्रसते, फिकी होते. आणि आठवण एकदा बाहेर काढली की तिची घडी नव्याने घालावी लागते. घडी घालताना जशी असेल तशी ती आत जाते. पैठणीला उन्हात टाकून मग कपाटात ठेवल्यासारखं.’

पैठणी उन्हात टाकायची नसते, हे दिगंबरांनी तिथल्या तिथे सांगितलं. पण मुद्दा समजला होता.

हेलकाव्याने या बोटात दोन गोष्टींची भर घातली होती. एक म्हणजे त्याचा कॅमेरा बुबुळांची बारीकशी हालचालसुद्धा सेकंदाला हजार वेळा टिपायचा. आठवण कधी वर आली हे त्याला माणसाच्या आधी कळायचं आणि बोटाऐवजी पडद्यावर फिरणाऱ्या उजेडाच्या ठिपक्याचा वेग तो त्याप्रमाणे बदलायचा. दुसरी गोष्ट जास्त चमत्कारिक. माणूस जुना प्रसंग मनात बघतो तेव्हा त्याचे डोळे रिकाम्या भिंतीवरही बरेचदा त्याच वाटेने फिरतात, ज्या वाटेने ते त्या दिवशी फिरले होते. हेलकावा ती वाट पडद्यावर रेघेने काढायचा. काटा नेमका कुठे रुतलाय ते त्यावरून समजायचं.

‘म्हणजे डोळे साक्ष देतात?’ दिगंबरांनी विचारलं.

‘साक्ष नाही म्हणायचं. डोळेही चुकतात. आम्ही ते फक्त औषधाला वापरतो.’

पहिल्या बैठकीत इतर लोक पंधरा मिनिटांत जांभया देतात. दिगंबरांना दरदरून घाम फुटला आणि त्यांनी सकाळचे पोहे बाहेर काढले. दुसऱ्या बैठकीत ठिपका पाच-सहा वेळा इकडून तिकडे गेला आणि ते खुर्चीसकट आडवे झाले. डॉक्टरांच्या हाताखालून साडेचारशे माणसं गेली होती, असं कुणाचं झालं नव्हतं. ठिपक्याने भीती उतरायची सोडून चढत होती. दिगंबर घरी येऊन म्हणाले, आपली भीती कोष्ट्याची आहे, पक्क्या रंगाची, जाणार नाही.

तिसऱ्या बैठकीला डॉक्टरांनी यंत्र नेहमीसारखं सुरू केलं. खोलीत अंधार नव्हता, खिडकीतून अकरा वाजताचं ऊन येत होतं. त्यांनी दिगंबरांना मागावर बसवलं, म्हणजे मनातल्या मनात. ठिपका फिरू लागला, दिगंबरांची नजर त्याच्यामागे. श्वास वाढला. आणि डॉक्टरांनी, न सांगता, ठिपका बंद केला.

दिगंबरांचे डोळे थांबले नाहीत.

समोर काळा पडदा. त्यावर काही नाही. आणि या माणसाची नजर डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एका संथ ठेक्यात चाललेली. एका खेपेला चार सेकंद. मध्ये किंचित खाली थबकायची, मग पुन्हा निघायची. डॉक्टर विणकरांच्या गावात सहा वर्षं राहत होत्या. हा ठेका त्यांनी खिडक्या-खिडक्यांतून पाहिला होता. धोटा टाकायचा, फणी ठोकायची, धोटा परत आणायचा. यंत्र आजवर समजत होतं की बाकळेकाका ठिपक्यामागे जातायत. ते ठिपक्यामागे गेलेच नव्हते. ते विणत होते.

मग नजर अचानक उजवीकडे उडाली आणि तिथेच गोठली. रंगाच्या खोलीचं दार त्या बाजूला होतं.

डॉक्टरांनी रेघ मागे नेऊन पाहिली. विणण्याच्या पहिल्या फेरीच्या जरा आधी बुबुळं एकदम मोठी झाली होती, दचकल्यासारखी, आणि नजर अर्धा क्षण त्याच दाराकडे जाऊन परत आली होती. त्यानंतर फेऱ्या. डॉक्टरांनी त्या मोजल्या. पाणी प्यायल्या. परत मोजल्या.

‘सतरा,’ त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. ‘काका, पहिल्या फेरीच्या आधी काय ऐकू आलं?’

धूर दिसला, असं सांगायला दिगंबरांनी तोंड उघडलं. अठरा वर्षांचं पाठ वाक्य. पण डोळे अजून त्या ठेक्यात होते आणि कान त्यांच्या पाठोपाठ गेले.

‘दादा, उघड.’

आता ही गोष्ट समजायला त्या दाराविषयी माहिती पाहिजे. रेशमाच्या लडी उकळत्या रंगात असताना वारं शिरलं की रंग चट्ट्याचट्ट्याने बसतो. येवल्याचं माळावरचं वारं, आणि दार जुनं, आतून ठरत नसे. म्हणून बाहेरून कोयंड्यात लाकडी खुंटी मारायची आणि रंगवणाऱ्याचं काम झालं की त्याने हाक द्यायची. त्याचे दोन्ही हात ओल्या लडींनी भरलेले. दिवसातून पंधरा वेळा हाक यायची, आणि पंधरा वेळा मागावरून एकच उत्तर जायचं. अर्ध्यात उठलं तर पानाचा कोपरा बिघडतो, त्यामुळे उत्तर ठरलेलं.

दिगंबरांनी ते मोठ्याने म्हटलं. दवाखान्यात, अकरा वाजता, रिकाम्या पडद्याला. ‘थांब, पान होऊ दे.’

सतरा फेऱ्या, एकेका फेरीला चार सेकंद. एक मिनिट आठ सेकंद. दुसरी हाक आलीच नव्हती. धुराने आधी हाक खाल्ली असणार.

डॉक्टरांनी हळूहळू सांगितलं, की ही आठवण खरीच असेल असं नाही, मन पोकळ्या आपल्या पद्धतीने भरतं. खरी असली तरी तो गुन्हा नव्हे, रोजची हाक होती, रोजचं उत्तर होतं. आणि हे सगळं धुता येईल. डावं-उजवं त्यांना चालणार नाही, तीच तर त्यांची जखम. ठिपका वर-खाली फिरवू, जोडीला तळहातांवर टिचक्या देऊ. दोन बैठका लागतील. सोमवारी या.

‘मग विसरेन?’

‘विसरणार नाही. माहिती म्हणून राहील. शाळेतल्या पुस्तकात लढाईची तारीख असते ना, तशी.’

दिगंबर घरी आले ते सरळ माळ्यावर चढले. ती अर्धी पैठणी मागावरून उतरवून, ताण्याचे उभे धागे कापून, शैलाबाईंनी जुन्या धोतरात गुंडाळून ठेवली होती. अठरा वर्षांत त्यांनी त्या गाठोड्याकडे बघितलं नव्हतं. गाठ सोडली. हेमंतच्या हातचा जांभळा रंग, आज उतरवल्यासारखा. त्यांनी कापड उलगडत शेवटच्या धाग्यापर्यंत नेलं.

पान पुरं होतं. देठ, शिरा, टोकाचा वळलेला कोपरा, सगळं. त्यापुढे एक फेरीसुद्धा नव्हती.

शैलाबाई शिडीच्या खाली उभ्या होत्या. तुला माहीत होतं का, असं दिगंबरांनी विचारल्यावर त्या म्हणाल्या, की घडी घातली तेव्हाच दिसलं. विणकराच्या घरात नांदतेय, अर्धं पान आणि पुरं पान कळतं मला. मग बोलली का नाही? तर भाकरी थापताना माणूस सांगेल तशा त्या म्हणाल्या, की बोलून पान उसवणार होतं का. आणि पुढे एवढंच, की पोरीला सांगायचं असेल तर लग्नाआधी सांगा, नंतर ती आपली राहायची नाही.

रेवा बाहेरच्या खोलीत अक्षतांच्या पुड्या बांधत होती. दुपारचे दोन-अडीच झाले असतील. दिगंबर तिच्यासमोर जमिनीवर बसले. एक पुडी उचलली, हातातच धरून ठेवली. शिडीवरून उतरताना त्यांनी चार वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही सापडेना.

‘रेवे, तुझ्या बापाने त्या दिवशी हाक मारली होती. मला ऐकू आली होती.’

रेवाने दोऱ्याची गाठ मारली. ‘हो.’

‘मी लगेच उठलो नाही. पान होऊ दे म्हणालो. त्यानंतर मी...’

‘सतरा,’ रेवा म्हणाली.

दिगंबरांच्या हातातली पुडी सुटली. तांदूळ फरशीवर पसरले.

‘मी मागाच्या खड्ड्याशी बसले होते ना, आबा. तुमच्या फेऱ्यांवरच तर आकडे शिकले मी. वीसपर्यंत यायचे मला. तुम्ही सतराला थांबलात आणि पळालात, म्हणून मी रुसलेसुद्धा.’ ती तांदूळ गोळा करू लागली. ‘खुंटीला माझाही हात पोचत होता. पण दाराला हात लावायचा नाही असं बाबांनी सांगून ठेवलेलं.’

तिने सगळं सांगितलं, एखादी मुलगी कॉलेजातली हकीकत सांगेल तसं. बारावीपर्यंत तिला आबांचा राग यायचा. त्यांनी वाढलेला घास घशाखाली उतरायचा नाही. होस्टेलवर कुणी पलीकडच्या खोलीतून हाक मारली की तिचे हात गार पडायचे. म्हणून तीन वर्षांपूर्वी ती अत्तार डॉक्टरांकडे गेली. चार बैठका झाल्या. आता काही होत नाही. डॉक्टरांनी ते सतरा दोनदा का मोजले, हे दिगंबरांना तेव्हा कळलं. त्या बाईंनी ते आधी एकदा मोजले होते, दुसऱ्याच डोळ्यांतून.

‘मग मला का नाही बोललीस? एवढी वर्षं?’

‘तुम्ही श्राद्धाला अर्धं पान सोडल्याचं सांगायचात. सांगताना रडायचात. म्हटलं, राहू दे.’

दिगंबरांनी माळ्यावरून उतरताना सगळ्याची तयारी केली होती. ती ओरडेल, घर सोडून जाईल, कचेरीत जाऊन सही करेल, तोंड बघणार नाही म्हणेल. समोरची पोर शांतपणे तांदूळ निवडत होती.

‘रेवे, आता बोल. काय वाट्टेल ते बोल. शिवी दे.’

रेवा थांबली. तिने डोळे मिटून क्षणभर खरोखर आत शोधलं, डब्यात तळाला काही उरलंय का बघावं तसं.

‘येत नाही हो, आबा,’ ती म्हणाली. आवाजात थोडी माफी होती. ‘राग होता, तो गेला. पाठ केलेल्या धड्यासारखं आहे सगळं.’ मग काहीतरी आठवून तिचा चेहरा उजळला. ‘ते कापड काढलंत का तुम्ही? अंतरपाटाला बरोबर होईल. बाबांच्या हातचा रंग आहे, वाया कशाला घालवायचा?’

दिगंबर बाकळ्यांना आयुष्यात तीन धक्के बसले असं ते पुढे सांगत. आगीचा, सतराचा आणि हा. आणि तिसऱ्यापुढे पहिले दोन म्हणजे पायाला ठेच लागल्यासारखे.

सोमवारी ते दवाखान्यात गेले, पण खुर्चीत बसले नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, की रेवाचं सांगणं त्यांच्या हातात नव्हतं, दुसऱ्या रोग्याची गोष्ट त्या कुणाला बोलू शकत नाहीत. दिगंबरांनी मान हलवली. ते समजत होतं.

‘पोरीचा त्रास काढलात ते चांगलं केलंत, डॉक्टरीणबाई. तिने का म्हणून गार हात घेऊन जगायचं? पण हेमंतचा चटका त्या घरात कुणाला तरी बसायला पाहिजे. माझ्याकडचा राहू द्या.’

‘काका, होमापाशी कसे बसाल?’

‘भाजत बसेन,’ दिगंबर म्हणाले आणि पायऱ्या उतरले.

लग्नाच्या दिवशी मांडवात कुजबुज होती. दिगंबर होमाला बसणार की उठून पळणार, यावर तरुण मंडळींनी पैजासुद्धा लावल्या असतील. रेवाला मामा नव्हता, त्यामुळे तिच्या मागे दंडाला धरून दिगंबरच उभे होते. दोघा भटजींनी अंतरपाट धरला. जांभळा, वीतभर काठाचा, वरच्या कडेवरून कापलेल्या ताण्याचे धागे लोंबत असलेला. पैठणच्या पाहुण्यांना वाटलं ही येवल्याची फॅशन. शेवटचं पान बरोबर रेवाच्या डोळ्यांसमोर आलं होतं. रेवा खुशीत होती, कपाटातल्या जुन्या कापडाचा चांगला उपयोग झाला म्हणून मैत्रिणींना सांगून झालं होतं.

मंगलाष्टकं सुरू झाली. दिगंबरांनी बाजूने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि त्यांचा हात तिच्या दंडावर घट्ट झाला.

तिची नजर पानावर होती. डावीकडून उजवीकडे. किंचित खाली थबकली. उजवीकडून डावीकडे. ओठांवर हसू तसंच, पापण्या कोरड्या, हात गरम. तिला कशाचाच पत्ता नव्हता. एका खेपेला चार सेकंद. गाणारे गात होते, अक्षता पडत होत्या, आणि दिगंबर ओठ मिटून मोजत होते. बारा. तेरा. चौदा. आयुष्यात प्रथम त्यांनी देवाकडे मागितलं, की हिची नजर वीसपर्यंत जाऊ दे, चुकून का होईना, पुढे जाऊ दे.

सतराला ती थांबली. उजवीकडे गेली, मांडवाच्या रिकाम्या कोपऱ्याकडे, जिथे काहीच नव्हतं, आणि क्षणभर तिथेच राहिली.

मग अंतरपाट खाली आला, वाजंत्री कडाडली, आणि रेवा नवऱ्याकडे बघून हसली.

तासाभराने होम पेटला. समिधा तडतडल्या, तूप पडलं, जाळ हातभर वर आला. मांडवातली झाडून सगळी माणसं माना उंचावून दिगंबरांकडे बघत होती. दिगंबर जाळाला गुडघा लागेल इतके जवळ बसले होते. कपाळावरून घाम गळत होता, आणि जाळ केवढा आहे याची त्यांना कल्पना नव्हती. ते रेवाच्या डोळ्यांवरून नजर काढायला तयार नव्हते.